दुःख दिसण्याचे अंतर

समोरच्या माणसाचा चेहरा पाहून आपण हसतो, गंभीर होतो, बिचकतो किंवा दोन पावले पुढे होतो, तेव्हा हे सारे त्या चेहऱ्यामुळेच घडले असे आपण धरून चालतो. माझा अनुभव आणि या विषयावरचे वाचन मात्र मला हळूहळू एका वेगळ्या समजुतीकडे घेऊन आले आहे. आपल्या प्रतिसादाचा फार मोठा हिस्सा त्या चेहऱ्याच्या आणि आपल्या मध्ये किती पावले आहेत, यावर ठरतो. तेच डोळे, तेच ओठ, भुवयांची तीच चढण. पण हाताच्या अंतरावरून पाहताना ते आपल्याकडून जे करवून घेतात, ते रस्त्याच्या पलीकडून करवून घेऊ शकत नाहीत. पाहताना आपले सगळे लक्ष चेहऱ्याकडे असते, मधल्या मोकळ्या जागेकडे नसते, म्हणून अंतराचे हे काम आपल्या ध्यानात येत नाही.

सुरुवात डोळ्याच्या मर्यादेपासून करावी लागेल. दोन बारीक खुणा वेगवेगळ्या दिसायच्या असतील, तर निरोगी डोळ्याशी त्यांचा अंशाच्या साठाव्या भागाइतका तरी कोन व्हावा लागतो. व्यवहारात याचा अर्थ असा की १ मीटरवरून आपल्याला साधारण ०.३ मिलिमीटरचा तपशील दिसतो, १० मीटरवरून ३ मिलिमीटरचा आणि १०० मीटरवरून ३ सेंटिमीटरचा. आता हा हिशेब चेहऱ्याला लावून पाहावा. पापणीच्या कडेला साठलेले पाणी, खालच्या ओठाचा बारीक थरकाप, भुवईचे आतले टोक जेमतेम वर उचलले जाणे, हे सारे दोन-तीन मिलिमीटरांच्या आतले व्यवहार आहेत. १० मीटरवर ते दिसेनासे होण्याच्या काठावर असतात आणि ३० मीटरवर ते पाहणाऱ्यापुरते घडतच नाहीत. तिथून उरतात ते फक्त ठळक भाग: डोळ्यांच्या जागी दोन सावल्या, तोंडाच्या जागी एक रेघ, आणि ती रेघ रुंदावून मधे दातांचा पांढरा पट्टा चमकला, तर तो.

या उरलेल्या भागांतून कोणता भाव पोहोचतो आणि कोणता वाटेतच विरतो, हे पाहण्याचे प्रयत्न झालेले आहेत. जोसेफ हेगर आणि पॉल एकमन यांनी १९७९ मध्ये दाखवले की ३० मीटरहून अधिक अंतरावरूनही माणसे चेहऱ्यावरचे काही भाव ओळखू शकतात. पुढे २००९ मध्ये फ्रेझर स्मिथ आणि फिलिप शिन्स यांनी निरनिराळे भाव निरनिराळ्या अंतरांवर किती टिकतात, याची नीट तपासणी केली. आनंद आणि आश्चर्य लांबवर जातात. भीती आणि दुःख जवळच्या जवळ राहतात, असे त्यांना आढळले. यामागचे कारण चेहऱ्याच्या रचनेतच आहे. हसताना तोंड रुंदावते, गाल वर चढतात, दात उघडे पडतात, म्हणजे चेहऱ्याचा जवळजवळ अर्धा भाग आपली मांडणी बदलतो. आश्चर्यात तोंड उघडते आणि भुवया पूर्ण उंचावतात. भीतीचा मुख्य पुरावा मात्र डोळ्यांच्या पांढऱ्या भागाच्या वाढलेल्या पट्टीत असतो, आणि दुःखाचा पुरावा त्याहूनही तोकडा: भुवयांची आतली टोके थोडी वर, ओठांची टोके थोडी खाली. या खुणा इतक्या लहान आहेत की त्यांना लांबचा प्रवास झेपत नाही.

मला हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचला तेव्हापासून स्वस्थ बसू देत नाही. आनंद दुरून दिसतो आणि दुःख जवळ गेल्याखेरीज दिसत नाही, हे जर खरे असेल, तर दूर उभे राहणाऱ्या प्रत्येकाला माणसे त्यांच्या खऱ्या स्थितीपेक्षा अधिक सुखी दिसत असली पाहिजेत. व्यासपीठावरून समोरच्या सभेकडे पाहणाऱ्याला, उंच खिडकीतून रस्त्याकडे पाहणाऱ्याला, मोठ्या दालनाच्या टोकाला बसून शंभर लोकांचे काम पाहणाऱ्याला हशा दिसतो, टाळ्या दिसतात, फार तर जांभया दिसतात. तिसऱ्या रांगेत कुणाचा चेहरा उतरला आहे, हे त्याला दिसत नाही. त्याचे मन कठोर असते असे मी म्हणत नाही. त्याच्या डोळ्यांपर्यंत ती बातमी येतच नाही. ज्यांच्या हाती इतरांचे बरेवाईट असते ती माणसे बहुधा अशाच अंतरावर बसवलेली असतात, याची मला खरोखर काळजी वाटते.

हास्याच्या बाबतीतही लांबवर जे पोहोचते ते अर्धेच असते. फ्रेंच वैद्य दुशेन यांनी १८६२ मध्ये नोंदवले होते की मनापासून आलेल्या हसण्यात ओठांची टोके ओढणाऱ्या स्नायूबरोबर डोळ्याभोवतीचा गोल स्नायूही आकसतो, आणि तो सहजासहजी हुकमाने हलत नाही. पुढच्या संशोधकांनी दाखवले की बऱ्याच जणांना तोही ठरवून हलवता येतो, त्यामुळे या खुणेवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. तरी ती खूण आहे, आणि ती डोळ्याच्या कडेला, बारीक सुरकुत्यांत आहे. म्हणजे उपचाराचे हसू आणि आतून आलेले हसू यांतला जो काही फरक आहे, तो पाहायलाही जवळच जावे लागते. दुरून दोन्ही सारखीच दिसतात.

एकाच चेहऱ्यात दोन अंतरांसाठी दोन भाव ठेवता येतात, हे तर चित्र करूनच दाखवले गेले आहे. फिलिप शिन्स आणि ऑड ऑलिव्हा यांनी नव्वदच्या दशकात अशी संकरित चित्रे तयार केली, ज्यांत एका चेहऱ्याच्या बारीक रेषा आणि दुसऱ्या चेहऱ्याच्या ठळक छायाप्रकाशाच्या जागा एकमेकींवर बसवलेल्या होत्या. जवळून पाहिले की रागावलेला पुरुष, आणि काही पावले मागे सरकले की त्याच जागी शांत स्त्री. कागद तोच, शाई तीच; बदलली ती फक्त पाहणाऱ्याची जागा. मोनालिसाच्या हसण्याबद्दल मार्गारेट लिव्हिंग्स्टन यांनी २००० साली जे लिहिले तेही याच जातीचे आहे. ते हसू ठळक, धूसर छायांमध्ये दडलेले असल्यामुळे नजर तिच्या डोळ्यांवर असताना ते अधिक जाणवते आणि थेट ओठांकडे पाहताच फिके पडते.

चित्रांची गोष्ट बाजूला ठेवून मी पाहिलेला एक चेहरा सांगतो. आत्याचे ऑपरेशन झाल्यावर मी तिला भेटायला गेलो होतो. वॉर्ड लांबट होता आणि तिची खाट शेवटून दुसरी होती. दारातून मला ती दिसली, तिलाही मी दिसलो, आणि ती हसली. तेवढ्या अंतरावरून ते हसू स्वच्छ होते. कुणीही म्हणाले असते की बाई आता ठीक आहेत. मी खाटेच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हाही ती हसतच होती. "ये रे, किती उशीर केलास," म्हणाली. "बरं वाटतंय ना आता?" विचारल्यावर "बरंच आहे की. दोन दिवसांत घरी सोडतील म्हणाले," असे उत्तर आले. मग मी खाटेखालचे स्टूल ओढून तिच्या उशीजवळ बसलो. तिथून तिचा चेहरा दोन भागांत वाटला गेलेला दिसला. ओठ अजून हसत होते, पण वरचा अर्धा चेहरा त्यात सामील नव्हता. भुवयांची आतली टोके वर उचलली जाऊन त्यांच्या मधे एक छोटी उभी घडी पडली होती, डोळ्यांखालची कातडी ओढलेली होती आणि बोलून झाले की तिचे ओठ एकमेकांवर किंचित जास्त वेळ दाबले जात होते. मी विचारले, "आत्या, दुखतंय का ग?" तेव्हा ती थोडा वेळ छताकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "रात्री फार दुखलं. नर्सला हाक मारावी म्हटलं, पण शेजारच्या बाईंचा नुकताच डोळा लागला होता."

त्याच दुपारी येऊन खाटेच्या पायथ्याशी उभे राहून गेलेल्या नातेवाइकांनी बाहेर सगळ्यांना सांगितले होते की आत्या एकदम छान आहे, हसून बोलते आहे. ते खोटे बोलत नव्हते. त्यांनी जे पाहिले ते तिथून तसेच दिसत होते. पायथ्यापासून उशीपर्यंतच्या त्या दोन मीटरांत माणसाची एक अख्खी रात्र मावली होती. दोन मीटरवर डोळ्याला हे तपशील दिसायला तसा अडथळा नव्हता, हे मला हिशेबाने कळते; पण उभे राहून, निघण्याच्या तयारीत, वरून खाली पाहणाऱ्याची नजर हसणाऱ्या ओठांवर जाते आणि तिथेच समाधान पावते. अंतर डोळ्याला जितके अडवते, त्याहून कितीतरी आधी ते लक्षाला अडवते.

इथून पुढचा प्रश्न आपल्या प्रतिसादाचा आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले उल्फ डिमबर्ग यांनी १९८२ मध्ये लोकांच्या चेहऱ्याच्या स्नायूंवर विद्युतअग्रे लावून त्यांना हसऱ्या आणि रागावलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. हसरा चेहरा समोर आला की पाहणाऱ्याच्या गालाचा स्नायू आकसत असे, रागावलेला आला की भुवई खाली ओढणारा स्नायू. हालचाल डोळ्यांना दिसण्याइतकीही नव्हती आणि ती सेकंदाच्या आतच सुरू होत होती. म्हणजे समोरचा भाव आपण समजून घेतो त्याच सुमारास तो आपल्या कातडीखाली उमटूही लागलेला असतो. यात चित्राच्या आकाराचाही वाटा असतो. भावनिक चित्रे लहान करून दाखवली की त्यांच्या भावनिकतेला मेंदूकडून मिळणारी सुरुवातीची प्रतिक्रिया मंदावते, असे आंद्रेआ दे चेझारेई आणि मौरिझिओ कोडिस्पोती यांनी २००६ मध्ये दाखवले. अंतर दुप्पट झाले की डोळ्यातल्या पडद्यावर चेहऱ्याची रुंदी निम्मी होते. त्यामुळे दूरच्या माणसाचे रडणे आपल्याला कमी हलवते, यात आपल्या स्वभावाइतकाच त्या आकसलेल्या प्रतिमेचाही हात असावा, असे मला वाटते.

तर मग जवळ जावे, म्हणजे सारे दिसेल आणि सारे पोहोचेल, असे कुणी म्हणेल. इथेच गोष्ट अवघड होते, आणि मला वाटते या विषयाचा गाभाही इथेच आहे. मायकेल आर्गाइल आणि जॅनेट डीन यांनी १९६५ मध्ये माणसांना २, ६ आणि १० फुटांवर समोरासमोर बसवून बोलायला लावले. अंतर जितके कमी, तितके डोळ्यांत पाहणे कमी आणि नजरानजर झाली तरी तितकी क्षणभराची, असे त्यांना आढळले. त्यांचे म्हणणे असे होते की दोन माणसांमधली सलगी एका पातळीवर तोलून धरली जाते. शरीरे जवळ आली तर नजर दूर जाते, शरीरे लांब असतील तर नजर धीट होते. गच्च भरलेल्या लिफ्टमध्ये सगळे दाराकडे किंवा वरच्या आकड्यांकडे का पाहतात, याचे उत्तर यात आहे.

हे दुःखाला लावून पाहिले की एक विलक्षण पेच समोर येतो. ज्या अंतरावरून दुःख स्पष्ट दिसू लागते, त्याच अंतरावर डोळ्यांत पाहत राहणे सर्वांत कठीण होऊन बसते. एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये माणसांमधल्या अंतरांची जी मोजमापे मांडली, त्यांत पहिले ४५ सेंटिमीटर अगदी निकटच्यांसाठी, तिथून सुमारे १.२ मीटरपर्यंतचे अंतर ओळखीच्या आणि स्नेहाच्या माणसांसाठी, तिथून सुमारे ३.६ मीटरपर्यंतचे कामाच्या व्यवहारासाठी, आणि त्यापुढचे सार्वजनिक होते. त्यांची निरीक्षणे अमेरिकेतल्या एका विशिष्ट वर्गातली होती. पुढे २०१७ मध्ये ४२ देशांतल्या जवळजवळ ९००० माणसांच्या पाहणीतून ही मोजमापे देशागणिक, वयागणिक बरीच बदलतात हे दिसले. आकडे बदलोत, निकटचे वर्तुळ प्रत्येकाभोवती असते आणि दुःखाच्या बारीक खुणा त्याच्या आत किंवा त्याच्या कडेवरच नीट वाचता येतात. म्हणजे जो त्या वर्तुळात येण्याइतका जवळचा नाही, त्याला दुःख नीट दिसत नाही; आणि जो येतो, त्याची नजर दुसरीकडे वळण्यासाठी धडपडत असते. सांत्वनाला गेलेली माणसे समोरच्याच्या हातांकडे, जमिनीकडे, भिंतीवरच्या फोटोकडे का पाहत बसतात, याचा मी पूर्वी भिडस्तपणाशी संबंध जोडत असे. आता मला त्यात तोल सांभाळण्याची ही शरीराची जुनी खटपटही दिसते. शेजारी शेजारी बसून, दोघांनीही समोर पाहत, अधूनमधून कटाक्ष टाकत बोलणे अनेकांना का सोपे जाते, हेही त्यावरून उमगते: शरीर जवळ राहते आणि नजरेवरचे ओझे हलके होते.

रागाचे गणित याहून सरळ आहे. रागावलेला चेहरा समोर असेल तर माणसे अधिक लांब थांबणे पसंत करतात, हे बऱ्याच प्रयोगांतून दिसले आहे. भीतीचे तसे नाही. भ्यालेला चेहरा पाहून मागे सरावे की पुढे व्हावे, हे ठरायला आधी दुसरा एक प्रश्न सुटावा लागतो: तो कशाला भ्यालेला आहे? त्याच्या पाठीमागे धोका असेल तर पळायला हवे. तो आपल्यालाच भीत असेल किंवा मदत मागत असेल तर त्याच्याकडे जायला हवे. अबिगेल मार्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये केलेल्या प्रयोगात भ्यालेला चेहरा पाहून लोकांच्या जवळ ओढण्याच्या हालचाली सुलभ झाल्या, तर रागावलेला चेहरा पाहून दूर लोटण्याच्या. भ्यालेल्या चेहऱ्यावरचे रुंदावलेले डोळे आणि उंचावलेल्या भुवया थोड्याफार लहान मुलाच्या चेहऱ्यासारख्या दिसतात आणि म्हणून काळजी घेण्याची वृत्ती जागी होते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. मला ते पटते.

जवळ आलेल्या गोष्टीबद्दलची ही दक्षता विचाराच्या कक्षेत येत नाही, याचा एक जुना दाखला चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये नोंदवून ठेवला आहे. प्राणिसंग्रहालयात विषारी सापाच्या पेटीच्या जाड काचेला त्यांनी आपला चेहरा लावला आणि साप झेपावला तरी मागे हटायचे नाही, असा पक्का निश्चय केला. साप झेपावताच ते यार्ड-दोन यार्ड मागे उडाले. काच मधे आहे हे त्यांना माहीत होते. शरीराला ते मान्य नव्हते. विसाव्या शतकाच्या अखेरीस मायकेल ग्राझियानो आणि इतर संशोधकांनी माकडांच्या मेंदूत अशा चेतापेशी अभ्यासल्या, ज्या गालाला स्पर्श झाल्यावर जशा पेटतात, तशाच काहीतरी गालाजवळ येऊ लागल्यावरही पेटतात. त्वचेच्या बाहेरच्या काही सेंटिमीटरांची, कधी हातभर जागेची, मेंदू शरीराचाच भाग असल्यासारखी राखण करतो.

या राखणदारीत अमिग्डाला या मेंदूतल्या बदामाएवढ्या भागाचा मोठा वाटा आहे, आणि तो कळण्यास ज्या एका स्त्रीची सर्वाधिक मदत झाली, तिला संशोधनात एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखतात. एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात तिच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचे अमिग्डाला नष्ट झाले. १९९४ मध्ये राल्फ अ‍ॅडॉल्फ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की तिला चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नाही. २००५ मध्ये त्यातले आणखी एक कोडे उलगडले: ती चेहरा पाहते, पण डोळ्यांकडे पाहतच नाही. "डोळ्यांकडे पाहा" अशी स्पष्ट सूचना दिली की तिला भीती ओळखता येत असे. सूचना थांबली की पुन्हा पहिल्यासारखे. मग २००९ मध्ये डॅनियल केनेडी आणि अ‍ॅडॉल्फ्स यांच्या गटाने तिला एका अनोळखी प्रयोगकर्त्याकडे चालत जाऊन जिथे सोयीचे वाटेल तिथे थांबायला सांगितले. इतर माणसे साधारण दोन फुटांवर थांबली. ती सुमारे एक फुटावर. नाकाला नाक लागेल इतक्या जवळ, डोळ्याला डोळा भिडवून उभे राहणेही तिला खटकले नाही. इतरांना अंतर लागते, हे तिला समजत होते. तिला स्वतःला ते लागत नव्हते. निरोगी माणसांच्या बाबतीत त्याच गटाला असे दिसले की मेंदूचे चित्रण सुरू असताना यंत्राजवळ कुणीतरी उभे आहे एवढे नुसते ठाऊक असले, तरी अमिग्डालाची क्रिया वाढते. न दिसणाऱ्या माणसाचे अंतरही आपण मोजत असतो.

मला या स्त्रीच्या कहाणीत एक गोष्ट फार मोलाची वाटते. तिच्याइतक्या निःसंकोचपणे जवळ जाणारे कुणी नसेल, आणि तरीही भ्यालेला चेहरा तिला वाचता येत नव्हता. ज्या यंत्रणेमुळे आपल्याला निकटता अवघड वाटते, तीच यंत्रणा आपली नजर समोरच्याच्या डोळ्यांकडे ओढून नेते. जवळ गेल्यावर वाटणारा संकोच हा संवेदनेचा अडथळा असतो असे आपण समजतो. तो त्याच संवेदनेचा भाग असावा, असे मला या प्रयोगांवरून वाटू लागले आहे.

अंतर ओलांडायचे की नाही, हे चेहऱ्याच्याच सांगण्यावरून ठरवण्याचे काम माणूस बोलायच्याही आधी शिकतो. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षभराच्या बाळांना काचेच्या अशा पृष्ठभागावर ठेवले होते, ज्याच्या अर्ध्या भागाखाली साधारण ३० सेंटिमीटरची खोली दिसत असे. पलीकडच्या टोकाला आई उभी. आईने आनंदी चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळे ती दरी ओलांडून गेली. आईने भ्यालेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेले नाही. तिने शब्द उच्चारला नव्हता. बाळ काठाशी थांबून आईच्या चेहऱ्याकडे पाहत असेल, त्या क्षणाची मी अनेकदा कल्पना केली आहे. मधली जागा धोक्याची आहे की नाही, हे त्याला त्या जागेकडे पाहून ठरवता येत नाही, म्हणून ते पलीकडच्या चेहऱ्याला विचारते.

अंतराचा अतिशय काळा उपयोगही माणसाला ठाऊक आहे. स्टॅन्ले मिलग्राम यांच्या आज्ञापालनाच्या प्रयोगांवर पद्धतीच्या आणि नीतीच्या अंगाने रास्त टीका झाली आहे, ती मला मान्य आहे. त्यांत सहभागी माणसांना प्रयोगकर्त्याच्या आज्ञेवरून दुसऱ्या एका माणसाला विजेचे वाढते धक्के द्यायचे होते. तरी त्यांच्या चार आकड्यांची उतरण मला विसरता येत नाही. ज्याला विजेचे धक्के दिले जात आहेत असे भासवले होते, तो माणूस दुसऱ्या खोलीत, न दिसणारा असताना ६५ टक्के लोक अखेरच्या धक्क्यापर्यंत गेले. भिंतीपलीकडून त्याचा आवाज ऐकू येत असताना ६२.५ टक्के. तो त्याच खोलीत, डोळ्यांसमोर असताना ४० टक्के. त्याचा हात स्वतः धरून पट्टीवर दाबावा लागत असताना ३० टक्के. आवाजाने फारसे काही बदलले नाही. तो दिसू लागला तेव्हा बदलले. त्याच वेळी हेही खरे की हाताला हात लागलेला असूनही दहातले तिघे थांबले नाहीत. निकटतेवर सगळा भरवसा टाकता येत नाही, हे त्या शेवटच्या आकड्यात लिहिलेले आहे.

अगदी जवळून, नुसता चेहराच पाहणे हेही कधी कधी फसवते. हिलेल अविएझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये निर्णायक गुण जिंकलेल्या आणि हरलेल्या टेनिसपटूंची छायाचित्रे लोकांना दाखवली. फक्त चेहरा कापून दाखवला तेव्हा जिंकलेला कोण आणि हरलेला कोण, हे लोकांना सांगता आले नाही. फक्त शरीर दाखवले तेव्हा सांगता आले. भावना टोकाला पोहोचली की आनंदाचा आणि वेदनेचा चेहरा एकमेकांसारखा पिळवटतो, आणि तेव्हा मुठी, खांदे, मानेचा कल पाहावा लागतो. त्यासाठी एक पाऊल मागे यावे लागते. मला यातून असे वाटते की पाहण्याचे एकच योग्य अंतर नसते. दाबून धरलेले दुःख वाचायला पुढे सरकावे लागते आणि उफाळून आलेली भावना समजायला थोडे मागे.

व्हिडिओ कॉलवर हे पुढे-मागे सरकणेच हातून जाते. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की पडद्यावरचे चेहरे अनेकदा इतके मोठे असतात की प्रत्यक्षात ते तेवढे दिसायला समोरचा माणूस अर्ध्या मीटरच्या आसपास बसलेला असावा लागेल. म्हणजे कामाच्या बैठकीतले दहा जण निकटच्या वर्तुळात येऊन बसतात, सगळे आपल्याकडेच पाहत असल्यासारखे, आणि नजर वळवून तोल सांभाळावा तर तेही उद्धट दिसते. उलट आपल्या माणसाशी बोलताना त्याच्या भुवईची घडी दिसते, पण कॅमेरा एकीकडे आणि पडदा दुसरीकडे असल्यामुळे डोळे कधीच नीट भिडत नाहीत. शिवाय दिसतो तो मानेपासून वरचा भाग. हात काय करत आहेत ते कळत नाही. दुःख वाचता येण्याइतके जवळ आणि पाण्याचा पेला पुढे करता न येण्याइतके दूर, असे हे अंतर माणसाच्या वाट्याला याआधी कधी आले नसावे. त्यासाठी आपल्या शरीराकडे तयार प्रतिसाद नाही, आणि असे बोलणे संपल्यावर येणारा थकवा त्यातूनच येत असावा, असा माझा कयास आहे.

दूर राहणाऱ्या आत्याशी आठवड्यातून बोलताना मी आता तिच्या मुलीला फोन थोडा मागे ठेवायला सांगतो, खांदे, हात आणि मांडी दिसेल असा. मीही खुर्ची मागे घेऊन बसतो. चेहरा लहान होतो हे खरे, भुवईची टोके पहिल्याइतकी दिसत नाहीत. पण ती पदराचे टोक बोटाला गुंडाळते आहे की नाही, उठताना हात कशावर टेकवते, बोलता बोलता कंबरेकडे हात जातो का, हे दिसते. तसे काही दिसले की मी तिला फोन चेहऱ्याजवळ घ्यायला सांगतो आणि मग विचारतो, "आत्या, रात्री झोप लागते का ग?"